पाटीवरचं चायनीज, कढईतलं चायनीज

अकोल्याच्या भाजीबाजारात सांबार मागितला की भाजीवाली कोथिंबिरीची जुडी हातात ठेवते. वऱ्हाडात सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि सांबारवडी म्हणजे कोथिंबिरीचं सारण भरून तळलेली वडी. पुण्यामुंबईचा पाहुणा मात्र हे नाव ऐकून इडलीबरोबरच्या डाळीची वाट बघत बसतो. नावाने फसायला परदेशी जावं लागत नाही, चार जिल्हे ओलांडले तरी पुरतं. बार्शीटाकळीसारख्या तालुक्याच्या गावी संध्याकाळी चायनीजच्या गाडीसमोर उभं राहिलं की हाच प्रकार उलट्या बाजूने घडतो. पाटीवर मंच्युरियन, शेजवान, हक्का, चॉप्सी, मनचाव अशी नावं ओळीने असतात. थोरली माणसं ती वाचून 'त्यात काय काय टाकतात कोण जाणे' म्हणत पुढे जातात, पोरं न वाचताच बोट ठेवून मागवतात. हे काहीतरी परकं आहे, हे मात्र दोघांनीही धरलेलं असतं. माझं म्हणणं असं, की परकी आहेत ती फक्त नावं. कढईत जे घडतं ते आपल्या स्वयंपाकघराला पुरतं ओळखीचं आहे. आणि नावाच्या परकेपणावरच नजर खिळल्यामुळे आपण भलत्याच गोष्टीला घाबरतो, तर जिथे खरोखर सावध व्हायचं तिथे निर्धास्त राहतो.

आधी नावांचा हिशेब करू. मांचुरिया हा चीनचा ईशान्येकडचा थंड मुलूख. तिथून आलेल्या मांचू घराण्याने १६४४ पासून १९१२ पर्यंत चीनवर राज्य केलं. पण मंच्युरियन नावाचा पदार्थ काही त्या मुलखातला नव्हे, तो मुंबईचा. त्याचं श्रेय नेल्सन वाँग यांना दिलं जातं. कोलकात्यात वाढलेले हे चिनी वंशाचे आचारी मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियात काम करत होते. १९७५ मध्ये एका गिऱ्हाइकाने नेहमीपेक्षा वेगळं काही मागितलं, तेव्हा त्यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची असा आपल्याकडचा पाया घेतला, गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला आणि कॉर्नफ्लॉवरने रस्सा दाट केला, अशी त्याची जन्मकथा सांगतात. हक्का ही दक्षिण चीनमधली एक जमात. तिच्यातल्या अनेकांनी कोलकात्याच्या टांगरा भागात चामडं कमावण्याचा धंदा केला, आणि त्यांच्या घरची परतलेली शेवई देशभर 'हक्का नूडल्स' झाली. शेजवान म्हणजे चीनचा सिचुआन प्रांत. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलातल्या गोल्डन ड्रॅगनने १९७३ मध्ये तिथली तिखट धाटणी श्रीमंतांच्या ताटात आणली. तिथून ती गाडीवर उतरेपर्यंत तिच्यात सिचुआनचं नावच तेवढं उरलं. सिंगापूर नूडल्स हाँगकाँगच्या हॉटेलांतली. चॉप्सी हा शब्द कँटनी बोलीतला, अर्थ 'बारीकसारीक उरलंसुरलं', आणि तो पदार्थ नावारूपाला आणला अमेरिकेत गेलेल्या चिनी लोकांनी. म्हणजे या पाटीवरून चीनचा नकाशा काढायला गेलात तर वाट हमखास चुकणार.

नकाशा म्हणून पाटी कुचकामी असली, तरी पाककृती म्हणून ती फार शिस्तीची आहे. प्रत्येक नावात तीन गोष्टी सांगितलेल्या असतात: मुख्य जिन्नस कोणता, सॉस कोणता आणि कोरडं की रसदार. 'पनीर चिली ड्राय' म्हणजे पनीरचे तळलेले तुकडे, हिरवी मिरची-कांदा-शिमला मिरचीबरोबर मोठ्या आचेवर परतलेले, रस्सा नाही. तेच 'ग्रेव्ही' म्हटलं की पाणी आणि कॉर्नफ्लॉवर वाढतं. 'शेजवान' शब्द कुठेही दिसला, की सुक्या लाल मिरचीची आणि लसणाची तिखट चटणी पडणार. 'हॉट गार्लिक' म्हणजे लसूण पुढे, 'स्वीट अँड सोर' म्हणजे साखर-व्हिनेगर आणि बहुधा टोमॅटो केचप. 'मंच्युरियन' म्हणजे तळलेले गोळे सोया सॉसच्या काळपट रश्श्यात. 'मनचाव' हे आलं-लसणाचं दाट, काळपट सूप, वर तळलेल्या नूडल्सचा चुरा. 'ट्रिपल' म्हणजे भात, नूडल्स आणि रस्सा असे तिन्ही एकाच ताटात, आणि हा शोध अस्सल देशी आहे. 'अमेरिकन चॉप्सी'त कुरकुरीत तळलेल्या नूडल्सवर आंबटगोड लाल रस्सा ओततात, वर बहुतेक वेळा एक अंडं. शाकाहारी माणसाने हे शेवटचं ध्यानात ठेवलेलं बरं. एवढी सात-आठ शब्दांची बाराखडी आली की पन्नास ओळींची पाटीही वाचता येते, कारण त्या पन्नास ओळी म्हणजे या शब्दांच्याच उलटसुलट जोड्या असतात.

आता कढईत डोकावू. मंच्युरियनसाठी पत्ताकोबी आणि गाजर बारीक किसतात, मीठ लावून पाणी सुटू देतात, त्यात मैदा आणि कॉर्नफ्लॉवर घालून गोळे वळतात आणि तळून ठेवतात. गिऱ्हाईक आलं की कढईत तेल चांगलं तापवून आलं, लसूण, मिरची, मग कांदा, मग सॉस, मग पाणी. शेवटी गार पाण्यात कालवलेलं कॉर्नफ्लॉवर ओतलं की दोन मिनिटांत रस्सा चकाकतो आणि गोळ्यांना धरून बसतो. यात कोणती पायरी अनोळखी आहे? पाटवडी रस्सा करताना बेसनाच्या वड्या आधी थापून ठेवायच्या आणि रस्सा उकळला की सोडायच्या, ही तीच रीत. गोळाभातात डाळीचे गोळे भाताबरोबर वाफवून वर कडकडीत तेलाची फोडणी घालतात, तिथेही गोळा वेगळा शिजतो आणि चव वरून येते. कॉर्नफ्लॉवर म्हणजे मक्याच्या दाण्यातली निव्वळ पिठूळ साय, मक्याचं पीठ नव्हे. गरम पाण्यात तिचे कण फुगतात आणि पाणी धरून ठेवतात. पिठलं आळतं त्यामागेही हेच घडतं. म्हणून तर पिठल्यासारख्याच तिच्याही गरम पाण्यात थेट टाकल्यावर गुठळ्या होतात. वेगळी आहे ती आच. आपली भाजी झाकण घालून आपल्याच पाण्यात शिजते. इथे भाजी काडीसारखी पातळ चिरायची, भडक्या आचेवर मिनिटभर उडवायची आणि कच्चेपणाची कुरकुर राखून उतरवायची. भाज्या इतक्या बारीक चिरण्याचं कारणही तेच, जाड तुकडा एवढ्या वेळात आतून शिजणारच नाही.

जिनसांकडे वळलं की वऱ्हाडी माणसाने तरी चकित व्हावं. कारण चायनीज ज्याच्यावर उभं आहे ते सोयाबीन त्याच्याच वावरात आहे. बार्शीटाकळी तालुक्यात काय किंवा शेजारच्या वाशीमकडे काय, खरिपात कपाशी-तुरीबरोबर सोयाबीन पेरलं जातं आणि त्याच्या भावावर घरची दिवाळी ठरते. हे पीक मूळचं चीनकडचं. आपल्याकडे ते मोठ्या प्रमाणावर पेरलं जाऊ लागलं ते गेल्या पन्नासेक वर्षांत, तेही तेलासाठी आणि पेंडीसाठी. त्यामुळे ज्या दाण्याची सोंगणी आपण करतो त्याचीच काळी धार गाडीवर बघून 'हे काय असतं' असं विचारतो. खरा सोया सॉस करताना शिजवलेलं सोयाबीन आणि भाजलेला गहू यांवर विशिष्ट बुरशी वाढवतात, मग ते मिठाच्या पाण्यात महिनोन् महिने मुरू देतात. लोणचं मुरतं तसाच हा कारभार, फक्त बुरशी इथे मुद्दाम वाढवलेली. स्वस्त सॉसमध्ये मुरवण्याचा वेळ वाचवतात. सोयाची प्रथिनं आम्लाने फोडायची, त्यात मीठ घालायचं आणि रंगासाठी कॅरामल मिसळायचं. बाटलीवरची घटकांची यादी वाचली की हा फरक कळतो. पण दोन्ही प्रकारांत एक गोष्ट सारखी असते, ती म्हणजे मीठ. साधारण एक मोठा चमचा सोया सॉसमधून नऊशे मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम जातं, आणि जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाकाठी दोन हजार मिलिग्रॅमची मर्यादा सांगते. रक्तदाब असणाऱ्याने खरा प्रश्न विचारायचा तो या बाटलीबद्दल. गव्हाचं वावडं असणाऱ्यानेही, कारण सोया सॉसमध्ये गहू असतो हे सहसा कोणाच्या गावी नसतं.

बाकीच्या जिनसांची कुळंही शोधली तर आपल्या मसाल्याच्या डब्याशी नातं निघतं. पांढऱ्या बाटलीतलं आंबट पाणी म्हणजे व्हिनेगर. गाडीवर ते बहुधा कृत्रिम असतं, म्हणजे ॲसेटिक आम्ल पाण्यात पातळ केलेलं. तसं बाटलीवर लिहिणं कायद्याने बंधनकारक आहे. आपण चिंच, आमसूल किंवा लिंबाकडून जे काम घेतो, तेच याच्याकडून घेतात. चिनी मसाल्यांतलं चक्रफूल दक्षिण चीन आणि व्हिएतनाममध्ये उगवतं, आणि आपल्या काळ्या मसाल्यात ते बाद्यान म्हणून केव्हाच येऊन बसलं आहे. दालचिनीच्या तर नावातच चीन आहे, कारण फारसीत दारचिनी म्हणजे चीनचं लाकूड. सिचुआनच्या जेवणाची खरी ओळख मिरची नव्हे, तर जिभेला झिणझिण्या आणणारं एक छोटं फळ आहे. ते ज्या वनस्पतीकुळातलं, त्याच कुळातलं तिरफळ कोकणात बांगड्याच्या आमटीत घालतात. गाडीवरच्या शेजवान चटणीत हे फळ जवळपास कधीच नसतं. तिथे असतं ते सुकी लाल मिरची, लसूण, तेल, मीठ आणि व्हिनेगर. लाल मिरचीचा ठेचा आंबट करून तेलात परतला तर याहून फार वेगळं काही होणार नाही. मिरची स्वतः ना चीनची ना आपली. ती अमेरिका खंडातून समुद्रमार्गे आली, आणि इकडे आणि तिकडे दोन्हीकडे जेमतेम चारपाचशे वर्षांपूर्वी पोचली.

इथवर वाचणारा वाचक एक शब्द ओठावर घेऊन थांबला असेल: अजिनोमोटो. चायनीजबद्दलच्या सगळ्या भीतीचं हे एकच नाव झालं आहे. म्हणून ते जरा तपशिलात पाहू. १९०८ मध्ये टोकियोच्या विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाच्या सारातून त्याची विशिष्ट चव वेगळी काढली. ती ग्लुटामेट नावाच्या घटकाची होती. गोड, आंबट, खारट, कडू यांत न बसणाऱ्या या चवीला त्यांनी 'उमामी' म्हटलं, आणि पुढच्याच वर्षी त्याची पांढरी खडेदार पूड अजिनोमोटो या नावाने बाजारात आली. शब्दाचा अर्थ 'चवीचं मूळ', आणि ते एका कंपनीचं नाव आहे. पदार्थाचं नाव मोनोसोडियम ग्लुटामेट. आज ते उसाची मळी किंवा टॅपिओकाचं पीठ आंबवून तयार करतात. हेच ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोत, अळिंबीत, जुन्या चीजमध्ये आणि आईच्या दुधातही असतं, आणि शरीर दोहोंत भेद करत नाही. मग भीती आली कुठून? १९६८ मध्ये रॉबर्ट हो मान क्वॉक नावाच्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहिलं: चिनी हॉटेलात जेवल्यावर मानेमागे बधिरपणा येतो, अशक्तपणा वाटतो, छाती धडधडते. कारण सोया सॉस असेल, स्वयंपाकातली दारू असेल, ग्लुटामेट असेल किंवा जास्तीचं मीठ असेल, असे अंदाज त्यांनी मांडले होते. पुढे चर्चेत उरला तो एकच अंदाज, आणि त्या तक्रारीला नाव पडलं 'चायनीज रेस्टॉरंट सिंड्रोम'. चार संशयितांतला परक्या नावाचा तेवढा पकडला गेला.

यावर कोणी म्हणेल, 'पण अनेकांना त्रास होतो, तो खोटा का?' खोटा म्हणायचं कारण नाही, पण त्याचं मोजमाप व्हायला हवं. अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने नेमलेल्या शास्त्रज्ञांच्या गटाने १९९५ मध्ये दिलेल्या अहवालाचा निष्कर्ष असा: तीन ग्रॅम किंवा त्याहून जास्त ग्लुटामेट जेवणाशिवाय नुसतं घेतलं तर काही थोड्या माणसांना डोकेदुखी, बधिरपणा, धडधड असा तात्पुरता त्रास होऊ शकतो. एरवी एका वाढपात ते अर्ध्या ग्रॅमहूनही कमी असतं. सोडियमही त्यात वजनाच्या बारा टक्केच, मिठात एकोणचाळीस टक्के. म्हणजे ज्याला स्वतःला त्रास जाणवतो त्याने 'टाकू नका' असं जरूर सांगावं, आणि आपल्याकडच्या लेबलाच्या नियमांप्रमाणे वर्षाच्या आतल्या बाळासाठी ते नाहीच. आणखी एक रास्त आक्षेप आहे. या पुडीमुळे निकृष्ट मालही चवदार लागतो, आणि स्वस्तात चव मिळाल्याने आचारी हात सैल सोडतो. हे खरं आहे. पण हा दोष त्या पुडीचा नाही, ती वापरणाऱ्याचा आहे, आणि जिभेचे असे लाड पाकिटातल्या कुरकुरीत खाऊपासून तयार मसाल्यांपर्यंत सगळीकडे होतात. मुलाला डब्यात नमकीन देणाऱ्या आणि चायनीजला अजिनोमोटोमुळे विष म्हणणाऱ्या घराने पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं एकदा वाचावीत. ६२१ आकडा तिथे अनेकदा सापडेल.

मग गाडीवर धोका नाहीच का? आहे, आणि तो अगदी घरगुती रूपात आहे. फ्राइड राइस म्हणजे फोडणीचा भात. ताजा वाफाळता भात परतला की त्याचा लगदा होतो. गार झालेल्या भातातलं पीठ घट्ट होतं, दाणे सुटे होतात आणि मग परतल्यावर एकेक दाणा वेगळा राहतो. रात्रीचा भात सकाळी फोडणीला टाकणाऱ्या प्रत्येक घराला हे ठाऊक आहे, आणि गाडीवालाही याच कारणाने भात दुपारीच शिजवून पसरून ठेवतो. पण तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात, आणि ते भात शिजला तरी मरत नाहीत. भात तासन् तास कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष उष्णतेला दाद देत नाही, नंतर भात कितीही भडक्या आचेवर परता. खाल्ल्यावर काही तासांतच उलट्या सुरू होतात. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात चिनी हॉटेलांतल्या फ्राइड राइसमुळे अशा घटना घडल्या, तेव्हा हे नीट उलगडलं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो त्या अकोला जिल्ह्यात दुपारी शिजवलेला भात रात्री नऊपर्यंत उघड्या परातीत राहिला तर काय होईल, हे सांगायला प्रयोगशाळा नको. अन्न पाच अंशांच्या खाली किंवा साठ अंशांच्या वर ठेवायचं असतं. वऱ्हाडातली उन्हाळी संध्याकाळ बरोबर या दोहोंच्या मधली. चायनीज हॉटेलातला रोग म्हणायचाच झाला, तर पुराव्याने सिद्ध झालेला रोग हा आहे. त्यात परकं काहीच नसल्यामुळे त्याची चर्चा मात्र होत नाही.

दुसरा धोका डोळ्यांसमोर असतो, तो म्हणजे लाल रंग. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत कृत्रिम रंग मोजकेच आहेत, आणि तेही मिठाई-सरबतासारख्या ठरावीक पदार्थांत, ठरावीक प्रमाणात. मंच्युरियनमध्ये त्यांना जागा नाही. तरीही मार्च २०२४ मध्ये कर्नाटकाच्या आरोग्य खात्याने गोबी मंच्युरियनचे १७१ नमुने तपासले तेव्हा शंभराहून अधिक नमुने असुरक्षित निघाले, आणि टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन असे रंग सापडले. त्या राज्याने मग गोबी मंच्युरियनमधल्या कृत्रिम रंगांवर बंदीच जाहीर केली. गोव्यात म्हापशाच्या नगरपालिकेने त्याच वर्षी जानेवारीत बोडगेश्वराच्या जत्रेच्या तोंडावर गोबी मंच्युरियनचे गाडेच नकोत, असा ठराव केला. त्याआधी २०२२ मध्ये वास्कोच्या दामोदर सप्ताहातही या गाड्यांना आवर घालण्याच्या सूचना दिल्या गेल्या होत्या. दोन ठिकाणांतला फरक बघण्यासारखा आहे. कर्नाटकाने दोष ओळखला आणि तोच बंद केला, तर म्हापशाने पदार्थालाच गावाबाहेर काढलं. रंग ओळखण्याची एक ढोबळ खूण वऱ्हाडी माणसाला शिकवावी लागत नाही, कारण तो तर्री बघत मोठा झालेला असतो. मिरचीचा रंग तेलात उतरतो, म्हणून रश्श्यावर लाल तवंग येतो आणि खालचं पाणी मळकट राहतं. कृत्रिम रंग पाण्यात विरघळतो. रस्सा तळापासून एकसारखा भडक लाल असेल आणि बशी पाण्याने विसळताना गुलाबी ओघळ गेला, तर शंका घ्यायला जागा आहे. हा काही प्रयोगशाळेचा निकाल नव्हे, पण दुसऱ्या दिवशी गाडी बदलायला तेवढं कारण पुरे. तळणीच्या तेलाचंही तसंच. ते काळं, दाट आणि फेसाळ झालेलं दिसलं की गोळा मंच्युरियनचा आहे की भज्याचा, याने काही बिघडत नाही. वापरलेल्या तेलातली ध्रुवीय संयुगं पंचवीस टक्क्यांच्या वर गेली की ते वापरू नये, हा नियम २०१८ पासून दोघांनाही सारखाच लागू आहे.

इथे जाणकार खवय्याचा एक आक्षेप येतो: 'हे मुळात चायनीजच नाही, मग एवढी उठाठेव कशाला?' खरं आहे, बीजिंगच्या माणसाला आपला मंच्युरियन ओळखू येणार नाही. पण अस्सलपणाची ही कसोटी लावली तर आपल्याच ताटातलं काय उरेल? बटाटा, टोमॅटो, मिरची, मका यांतलं काहीही मूळचं आपलं नाही, आणि साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो तर दक्षिण अमेरिकेचा. तरी तो उपासाला चालतो. पदार्थ कुठून आला हा इतिहासाचा प्रश्न आहे, तो कसा केला आहे हा पोटाचा. गाडीवरचं चायनीज हे भारतीय पदार्थांचंच एक नवं घराणं आहे, आणि त्याला तसं मानण्यातच आपला फायदा आहे. परका मानला की आपण त्याच्याकडे एक तर कुतूहलाने बघतो, नाहीतर संशयाने, आणि दोन्ही वेळा प्रश्न विचारायचे राहून जातात. आपला मानला की जो चोखंदळपणा आपण भज्याला, पोह्याला, बिर्याणीला लावतो तोच त्याला लागतो.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा. गाडीवाला घाईत असतो, गिऱ्हाइकांची रांग असते, त्याला कोण विचारत बसणार? शिवाय चाळीस-पन्नास रुपयांत पोट भरणाऱ्या पोराने आणि त्यावर घर चालवणाऱ्या माणसाने एवढे नखरे करायचे का? मला वाटतं, प्रश्न नीट निवडले तर ते नखरे ठरत नाहीत. 'यात परदेशी काय टाकता?' असं विचारलं तर उत्तर मिळणार नाही, कारण तसं काही नसतंच. 'भात कधी शिजवला?', 'रंग टाकता का, की मिरचीचाच आहे?', 'व्हेज आणि चिकनची कढई एकच आहे का?', 'सोया सॉस कमी टाकाल का?' हे प्रश्न साधे आहेत, आणि ज्याचा माल चोख आहे त्याला उत्तर द्यायला आनंदच होतो. अन्न विकणाऱ्या प्रत्येकाला, हातगाडीवाल्यालाही, नोंदणी करावी लागते आणि तिचा चौदा अंकी क्रमांक असतो. तो पाटीवर नावांच्या शेजारी लिहिलेला असेल तर त्या गाडीला मुद्दाम पसंती द्यावी. लाल रंग भडक नसलेला मंच्युरियन गिऱ्हाईक परत पाठवतं, अशी गाडीवाल्यांची तक्रार असते, आणि ती रास्त आहे. रंग बंद व्हायचा असेल तर तो आधी आपल्या डोळ्यांतून जायला हवा. तेव्हा पुढच्या वेळी चायनीजच्या गाडीसमोर उभे राहाल तेव्हा पाटी वाचून झाली की चार पावलं पुढे जा आणि भाताची परात बघा. ती झाकलेली आणि थंड जागी आहे का, एवढं पाहा. पाटीवरच्या कुठल्याही नावापेक्षा ती तुम्हाला जास्त सांगेल.